ताण्याची टोकं

फाल्गुनाची दुपार. पांढऱ्याफटक उन्हाची, धूलिधूसर वाऱ्याची, पर्णहीन निंबांची. येवल्याच्या विणकरगल्लीत घराघरांतून मागांची खटखट चालली होती. एकाच घरातून ती येत नव्हती.

दिगंबरच्या मागावर दोघांची बैठक. डावीकडे तो, उजवीकडे त्याची सुमन. मोर तो विणायचा, मोराचा डोळा ती. कार्तिकात सुमन तापाने गेली. जांभळा गेला, मोरपंखी गेला, डाळिंबी गेला. राहिला एक राखी रंग, अंगणात राखी, आभाळात राखी, ताटातल्या भातात राखी. चार महिने तो त्याच रंगात जगत होता.

कौसल्यामावशी उभ्या धाग्यांचा नवा ताणा खांद्यावर घेऊन उंबऱ्यात आली. गल्लीभर ताणे सांधणारी, तिखट जिभेची, मायाळू बोटांची म्हातारी. पैठणी विणून मागावरून उतरली तरी विणकर जुन्या ताण्याची टोकं मागावरच ठेवतो. मावशी नवे धागे त्यांना जोडते आणि पुढची पैठणी सुरू होते. टोकं ठेवायला कुणीच विसरत नाही.

आज टोकं नव्हती. धागे ओवायची फणी रिकामी, झाडूनपुसून ठेवलेली.

मावशीने खांद्यावरचा ताणा खाली ठेवला. तिच्या सख्ख्या भावानेही एकदा असंच सगळं आवरून ठेवलं होतं. तिला ते दिसलं होतं. विचारायला जीभ रेटली नव्हती. तिसऱ्या दिवशी तो नव्हता. बावीस वर्षं ती त्या न विचारलेल्या प्रश्नाला उशाशी घेऊन निजत होती.

ती दिगंबरसमोर बसली.

"दिगंबर, जीव द्यायचं आलंय का रे तुझ्या मनात?"

दिगंबरने वर पाहिलं.

"हो, मावशी."

ती रागावली नाही, तिने शपथ घातली नाही. "बरं झालं बोललास. आज मी हितनं हलायची नाही. तुझ्या बहिणीला फोन करून बोलावते. उद्या तिघं दवाखान्यात जाऊ, मनाच्या डॉक्टरकडं."

"काय उपयोग?"

"मला नाही ठाऊक," मावशी म्हणाली. खरंच तिला ठाऊक नव्हतं.

टोकं नसली की सांधता येत नाही. हजारो धागे नव्याने, एकेक करून, फणीतून ओवावे लागतात. ते एकट्याचं काम नव्हे. मागून एकाने धागा द्यायचा, पुढून दुसऱ्याने ओढून घ्यायचा.

मावशी सुमनच्या जागेवर बसली नाही. ती फणीपुढे जमिनीवर बसली.

"दे."

त्याने दिला. विझल्या डोळ्यांनी, बधिर बोटांनी. दिला, दिला, पुन्हा दिला. खोली तशीच राखी होती, उजवी जागा तशीच रिकामी. बहीण अजून वाटेतच होती. संध्याकाळ उतरली, गल्लीतले माग एकामागून एक थांबले.

"दे."

बराच वेळ फणीतून काहीच आलं नाही. मावशी हात तसाच धरून बसली.

मग एक धागा आला. तिला तो जांभळा दिसला, त्याला राखीच. तिने तो ओढून घेतला, आणि पुन्हा हात पुढे केला.