कचरा नाही

फोरमनने आपला फोन टेबलावर ठेवला आणि एका बोटाने दादांच्या बाजूला सरकवला. पडद्यावर त्याने पाठवलेला मेल उघडा होता. दादांनी चष्मा लावला, मेल वाचला आणि फोन तसाच परत सरकवला.

"तू पाठवलास. मला मिळाला नाही."

"मी पाठवला, एवढंच मी काल सांगत होतो."

काल कारखान्याचे मालक असलेल्या दादांनी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं होतं. उद्यापासून येऊ नकोस, असंही म्हणाले होते. तरी तो आज आला होता. कामाचे कपडे न घालता, घरच्या सदऱ्यात. कारखान्यात दोन नंबरच्या प्रेस मशीनखाली तिथे काम करणाऱ्या मावशींची दोन बोटं गेली होती. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला असलेलं गार्ड ढिलं झाल्याचं फोरमनने पंधरा दिवस आधी कळवलं होतं. तोंडी नव्हे, मेलने. तोंडी कोणी काही सांगायचं नाही, हा नियम दादांचाच. बोललेलं माणूस फिरवतो, लिहिलेलं फिरवता येत नाही, असं ते म्हणायचे.

खिडकीजवळच्या खुर्चीत कॉम्प्युटरवाली बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ती आली होती वेगळ्याच कामाला. मागे एका खोट्या मेलमधून काहीतरी शिरलं आणि ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर आडवे झाले, तेव्हापासून कचरा मेल अडवणारा फिल्टर बसवायचं चाललं होतं. तिने दोन सुचवले होते. एक साधा, ठरलेल्या नियमांवर चालणारा. त्यातून लॉटरी नि औषधांच्या जाहिराती थोड्याफार निसटून यायच्याच. दुसरा हुशार, माणसाचं बघून शिकणारा. तो दुसरा सहा-सात महिने एकट्या दादांच्या मेलवर लावून पाहिला होता. दादा त्याच्यावर खूश होते. आज एक पक्का करायचा होता.

फोरमनचा मेल कुठे गेला ते बघा, असं दादांनी तिला सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज कालच्याइतका चढा नव्हता.

तिने थोडा वेळ शोधलं. मग लॅपटॉप टेबलावर आणून दोघांना दिसेल असा फिरवला. फोरमनचा मेल कचऱ्यात होता. त्याच्याखाली स्टोअरवाल्याचा होता, रात्रपाळीच्या सुपरवायझरचा होता. मावशींचाही एक होता, मुलीच्या लग्नासाठी रजा मागणारा. महिन्याभरात कारखान्यातून आलेला एकूण एक मेल तिथे पडला होता.

फोरमनने वाकून एक-एक नाव वाचलं.

"आम्हाला वाटायचं, तुम्ही वाचता आणि गप्प बसता," तो म्हणाला. "खाली सगळे म्हणतात, दादांना मेल टाकला म्हणजे विहिरीत दगड टाकला. आवाजसुद्धा येत नाही."

दादांनी बाईंकडे पाहिलं. "बँकेचे येतात. गिऱ्हाइकांचे येतात. मग यांचेच का अडले?"

तिने समजावून सांगितलं. आपण ज्या मेलवर 'कचरा' दाबतो, तसले मेल हा फिल्टर पुढच्या वेळी आपणहून बाजूला काढतो. शब्द बघतो, सुरुवात बघतो. बँक 'महोदय' लिहिते. कारखान्यातले सगळे 'दादा' लिहून सुरू करतात.

"तुम्ही याला शिकवलंत की 'दादा' म्हणून येतं तो कचरा."

"मी कशाला असं शिकवीन?"

तिने नोंदी उघडल्या. फिल्टर लावल्यापासून दादांनी ज्यांवर 'कचरा' दाबलं होतं, त्यांतले बरेचसे मेल एकाच पत्त्यावरून आलेले होते. प्रत्येकाची सुरुवात 'दादा' अशी.

"हे कोण?"

दादांनी चष्मा काढून पुसायला घेतला. फोरमन भिंतीकडे बघू लागला. तो पत्ता त्यालाही ओळखता आला होता. दादांच्या धाकट्या भावाला मशीन धरायला त्यानेच शिकवलं होतं. दोघा भावांचं भांडण झालं तेव्हाही तो तिथेच उभा होता. वडिलांच्या वेळच्या प्रेस मोडीत काढ, एखाद्याचा हात जाईल, असं धाकटा म्हणाला होता. मशीन जपायला अक्कल लागते, असं दादा म्हणाले होते. त्यानंतर धाकटा कारखाना सोडून गेला तो गेलाच.

"आहे एक," दादा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ते मेल आता वाचता येतील?"

"नाही. कचऱ्यातलं महिन्याने आपोआप पुसलं जातं. पत्ता आणि सुरुवातीचा शब्द तेवढा नोंदीत राहतो."

"या महिन्यातला असेल एखादा."

तिने पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"नाही. त्या पत्त्यावरून येणं कधीच बंद झालंय."

खाली एक-एक करून प्रेसचे ठोके पडत होते. प्रत्येक ठोक्याला टेबलावरचा पाण्याचा ग्लास किंचित हलत होता. दादा त्या ग्लासकडे बघत होते.

"दोन नंबर बंद आहे ना?"

"त्याच दिवशी केली."

"बाकीच्याही बंद कर. मोडीत काढायच्यात." मग फोरमनच्या सदऱ्याकडे बघत ते म्हणाले, "कपडे बदलून ये आधी. आणि यापुढे काही असेल तर वर येऊन सांगत जा."

फोरमनने फोन खिशात टाकला. मावशींना बघायला संध्याकाळी जाणार आहे, येताय का, असं त्याने दारातून विचारलं. दादांनी मान डोलावली.

तो गेल्यावर बाईने विचारलं, मग यातला कुठला बसवायचा.

"साधा. येऊ दे कचरा. मी निवडत बसेन."

तिने दुसरा काढून पहिला बसवला. नीट चालतोय का ते बघायला तिने आपल्या पत्त्यावरून एक मेल पाठवला. दादांचा फोन वाजला. त्यांनी तो पटकन उचलला.

'दादा,' एवढंच लिहिलं होतं. पुढे काही नव्हतं.

"चाचणीचा आहे," ती वायर गुंडाळत म्हणाली. "पुसून टाका."

"हो."

ती निघून गेली. पडदा आपोआप काळा झाला. दादांनी अंगठा टेकवून तो पुन्हा उजळला.