मेव्हण्याच्या हातचा दोर

पाबळच्या डोंगरापलीकडच्या ठाकरवाडीत कड्यावरचं आग्या मोहोळ काढायचं तर दोर बायकोच्या भावानंच धरायचा, असा रिवाज आहे. सख्ख्या भावाला धरू देत नाहीत. भावाभावांत घराच्या जागेवरून, आंब्याच्या झाडावरून काय काय साचलेलं असतं. मेव्हण्याचं तसं नाही. आपल्याच बहिणीचं कुंकू तो कशाला पुसेल? जुन्या माणसांनी फार विचार करून बसवलेली ही घडी. फक्त नवऱ्यानं बायकोला मारलं तर काय, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

देवरामनं आदल्या संध्याकाळी साधनाला मारलं होतं. का मारलं, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. भाकरी करपली, ती काहीतरी उलटून बोलली आणि त्याचा हात गेला. 'हात गेला' असंच तो मनाशी म्हणायचा, जणू हात शेजाऱ्याचा होता. या वर्षात तो तिसऱ्यांदा गेला होता. डोळ्याखाली सूज घेऊन साधना झुंजुमुंजू व्हायच्या आत खिंडीपलीकडं माहेरी निघून गेली.

नेमकं त्याच दिवशी मोहोळ काढायचं ठरलं होतं. टाळावं तर सगळी वाडी विचारणार, का रं बाबा? साधनाचा थोरला भाऊ चिंधू कारेगावला कंपनीत रातपाळीला होता. पाळी सुटली की तो परस्पर कड्यावर येणार होता. म्हणजे घरी जाणार नाही, बहीण भेटणार नाही, त्याला काही कळणार नाही. देवरामनं स्वतःला हे दहा वेळा समजावलं.

चिंधू ठरल्यापेक्षा तासभर उशिरा आला. बस चुकली असेल, असं म्हणून देवरामनं तेही गिळलं. त्याच्या तोंडाकडं बघायची छाती होत नव्हती, म्हणून तो खाली मान घालून गवताची पेंढी बांधत बसला. चिंधूनं कड्याच्या अगदी ओठावरच्या पिंपरणीच्या झाडाला दोराचे दोन वेढे घातले आणि मोकळं टोक मनगटाला गुंडाळलं. एरवी तो म्हणायचा, "दाजी, प्वाट वाढलं बरं का, दोराची कीव येती." आज बोलला नाही.

"कमरंला बांधलं का?" एवढंच त्यानं विचारलं.

"बांधलं."

कड्यावर ओरडायचं नसतं. माणसाच्या आवाजानं माश्या उठतात. दोराला दोन हिसके दिले की खाली सोड, तीन दिले की वर घे. देवरामनं विळा कमरेला खोचला, पेंढी पेटवली आणि पाठमोरा कड्याखाली उतरला. त्याची नजर जमिनीच्या पातळीला आली, तेव्हा चिंधूचे पाय त्याला हातभर अंतरावर दिसले.

पायांत साध्या चपला होत्या. पाळीवरून येताना चिंधूच्या पायांत कंपनीचे काळे, जड बूट असायचे. त्या बुटांचा त्याला कोण तोरा! चपला घरी असतात. म्हणजे हा घरी जाऊन आला होता.

वर यावं म्हणून देवरामनं हात टाकला, पण दोर सुटायला लागला होता. तो चार पुरुष खोल गेला, पाच पुरुष गेला आणि दोर थांबला. मोहोळ अजून दोन हात खाली होतं. त्यानं दोन हिसके दिले. काही नाही. पुन्हा दिले. दोर ताणून उभा, वरून हूं की चूं नाही.

खाली बघू नये हे त्याला बापानं शिकवलं होतं, तरी त्यानं बघितलं. शिळा, बाभळी, लांबवर कांद्याच्या चाळी आणि पाबळच्या रस्त्यावरून सरकणारा एक टेम्पो. इथून पडलेला माणूस कसा दिसतो हे त्यानं लहानपणी एकदा पाहिलं होतं. चिंधूनं हात सैल केला तर वाडी काय म्हणेल? दोर घसरला, म्हणेल. पोलीसही तेच लिहितील. कोणी त्याच्याकडं बोट दाखवणार नाही, कारण मेव्हणा कधी असं करत नाही.

त्यानं तीन हिसके दिले. मग आणखी तीन. पेंढी जळत मुठीपाशी आली, तशी ती हातातून सुटली. धूर विरला आणि मोहोळावरून काळी लाट फिरावी तशा माश्या हलल्या. पहिली मानेला डसली, दुसरी पापणीला. त्याला हंबरडा फोडावासा वाटला, पण ओरडला तर सगळं मोहोळ अंगावर. त्यानं दात आवळून, ओठातल्या ओठात साधनाचं नाव घेतलं. आपण किती निलाजरे आहोत, हे त्याला तिथंच कळलं.

आणि दोर वर सरकला.

वर आल्यावर तो गवतावर पालथा पडला. चिंधू झाडाला टेकून हात बघत होता. दोरानं दोन्ही तळवे सोलले होते.

"तुला ठावं व्हतं," देवराम म्हणाला.

"दारातच बसली व्हती."

"मग सोडला का न्हाईस?"

"ती म्हन्ली, दोर नीट धर. एवढं थोबाड सुजलेलं, तरी म्हन्ली."

देवरामनं भीत भीत विचारलं, "मधी थांबवला त्यो?"

"तेवढं माझं व्हतं."

चिंधू उठून दोर गुंडाळायला लागला. देवराम कसाबसा उठून बसला. "मी येऊ का तिला न्यायला?"

चिंधूचे हात थांबले. "सकाळी मी तिच्या डोक्यावर हात ठिवाया गेलो," तो म्हणाला, "तर तिनं दोन्ही हात तोंडाफुडं धरलं. मी भाऊ हाय तिचा."

तो दोर खांद्यावर टाकून उतरून गेला. देवरामनं आपला उजवा हात गुडघ्याखाली दाबून धरला.