आठ ते नऊ

"इथं सही करा." इन्चार्जसाहेबांनी कागद नेमका नुकत्याच घडी घातलेल्या चादरीवर ठेवला. "वाचण्यासारखं काही नाही त्यात."

कडकताईने आधी कागद चादरीवरून उचलला आणि मग तो वाचला. 'कामातील आळस व मंदपणाबद्दल समज. पुन्हा आढळल्यास मळक्या कपड्यांच्या विभागात बदली.'

इस्पितळाच्या धुलाईघरात बारा वर्षं तिने इस्त्री केली होती. तिच्या हाताखालून गेलेली कॉलर डॉक्टरांपेक्षा ताठ उभी राहायची, म्हणून तर सगळे तिला कडकताई म्हणत. आणि आता काय, तर आळस!

"साहेब, आळस नाही हा. थायरॉईड आहे मला."

"अहो, माझ्या मेहुणीलाही आहे. ती नोकरी करते, मुलं सांभाळते, वर भरतकाम करते."

"त्यांना रक्त तपासायला सोडत असतील."

पलीकडे घड्या घालणारे नाना उगाचच खोकले.

गोष्ट केवढीशी! गोळी वाढवायची की नाही, हे डॉक्टरीणबाई रक्त बघून ठरवणार होत्या. ते द्यायचं सकाळची गोळी घ्यायच्या आधी. प्रयोगशाळा याच इमारतीत, डोक्यावर दोन मजले. पण रक्त घेणार आठ ते नऊ, आणि कडकताईची पाळी सहा ते दोन. सहा महिन्यांत तीनदा ती गोळी रुमालात बांधून आली. तीनदा इन्चार्ज म्हणाले, "आज नको, ऑपरेशनचे कपडे आहेत." ऑपरेशन काय, रोजच असतात. इस्पितळ आहे, नाटक कंपनी नव्हे.

तोवर केस कंगव्यात येऊ लागले, आवाज घोगरा झाला, पाय सुजले. घरी नवरा म्हणे, "जरा चालत जा गं, उतरेल वजन." आठ तास उभी असते ती काय हवा खात? वाफेच्या यंत्रासमोर स्वेटर घालून जिला कुडकुडायला होतं, तिला आळशी म्हणायला जीभ रेटते तरी कशी?

"पेन द्या," ती म्हणाली.

इन्चार्ज खूश झाले. तिने मात्र सहीच्या वर सावकाश लिहिलं, 'मी आळशी नाही. रक्त द्यायला तीनदा अर्धा तास मागितला, तीनदा मिळाला नाही. आज न मागता घेत आहे.' मग सही केली, पूर्ण नावाची.

"हे काय? असं लिहायचं नसतं!"

"'कर्मचाऱ्याचे म्हणणे' असं छापलंय की इथं. हे माझं म्हणणं."

"बदली होईल हां!"

"करा. सोबत रिपोर्टही लावा."

तिने इस्त्री बंद केली. आजची गोळीही रुमालातच होती. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"जा तू, मी बघतो इथलं," नाना म्हणाले. त्यांना इस्त्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

दोन मजल्यांमध्ये ती तीनदा थांबली. वर रांगेत सात माणसं होती. ती आठवी उभी राहिली. मधूनच खालून हाक येईल म्हणून कान जिन्याकडे जात होते, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

तिचा नंबर आला. रक्त घेणाऱ्या मुलीने दंडाला पट्टा बांधला.

"मावशी, मूठ आवळा."

मूठ आवळलेलीच होती. सुई गेली, बाटली भरली, पट्टा सुटला.

"झालं मावशी, सोडा आता मूठ."

कडकताईने हाताकडे पाहिलं. बोटं उघडायला जरा वेळच लागला.