पाव्हण्यांची ज्वारी

मी एक जुनी गोफण आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला फक्त चित्रात पाहिलं असेल, म्हणून सांगते. अंबाडीच्या वाखाच्या दोन दोऱ्या आणि मध्ये विणलेली पट्टी, एवढीच मी. पट्टीत ढेकूळ ठेवायचं, गरगर फिरवायचं आणि एक दोरी सोडून द्यायची. पाखरं भुर्रकन उडतात.

मला माढ्याजवळच्या कोंडीबांनी वळलं. त्यांची लेक सारजाबाई सासरी निघाली तेव्हा भांड्यांबरोबर तिनं मलाही नेलं. सासरचे हसले म्हणे. पुढे ती टेंभुर्णीकडच्या एका संशोधन केंद्रावर पाखरं राखायला लागली. तिचा नेम असा, की ढेकूळ चिमणीच्या पुढ्यात पडे, चिमणीला कधी लागत नसे. साहेब लोक कौतुकानं माझे फोटो काढत. मीही मनातून फुगत असे.

मग केनियातून अदियांबो आली. ज्वारीवर संशोधन करणारी. तिकडे तिच्या आईचं एवढंसं शेत, आणि त्यात टारफुला माजलेला. आपल्याकडेही असतो तो. फूल दिसायला नाजूक, पण ज्वारीच्या मुळाला चिकटून सगळा रस पिऊन टाकतो. अदियांबोनं तिकडच्या आणि इकडच्या ज्वारीचा संकर केला आणि ते बी मुद्दाम टारफुल्यानं भरलेल्या तुकड्यात पेरलं. सगळं वाळलं. एकच ओळ ताठ उभी राहिली. त्या ओळीचं बी पिकलं की ते आईच्या शेतात जायचं होतं. तसं बी दुसरीकडे कुठेच नव्हतं. तिनं कणसाकणसाच्या मानेला तांबडा दोरा बांधला.

गड्यांना तिचं नाव उच्चारता येईना. सारजाबाई तिला आंबाबाई म्हणायची, नैवेद्य कशाचा दाखवू म्हणून चिडवायची. ती हसून भाकरी मागायची. बाकी सगळे त्या तुकड्याला 'पाव्हण्यांची ज्वारी' म्हणत.

जानेवारीत पुण्याहून पाहुणे आले, हुरडा खायला. केंद्राचे प्रमुख उदयसिंह साहेब यांनी चन्नप्पाला फोनवर सांगितलं, पाव्हण्यांची कणसं काढून आण. चन्नप्पा अक्कलकोटकडचा, नवा, सांगितलेल्या कामाला चोख. त्यानं विळा उचलला.

त्या दिवशी सारजाबाईला पाखरं राखायच्या माळ्यावरून उतरवून हुरडा चोळायला बसवलं होतं. मी तिच्या कमरेला खोचलेली. चन्नप्पा आगटीत कणसं भाजून देई, ती गरम गरम चोळून दाणे वाढी. सगळ्यात लांबची पाहुणी म्हणून पहिली मूठ अदियांबोला दिली.

"लई गोड, मावशी," ती म्हणाली. एवढं मराठी तिला येत होतं.

पोतं रिकामं होत आलं तेव्हा धुरानं चन्नप्पाला ठसका लागला. म्हणून शेवटचं कणीस भाजायला सारजाबाईनं स्वतः उचललं. त्याच्या मानेला तांबडा दोरा होता, अजून न जळलेला.

"चन्नप्पा, ही कुठनं आणली रं?"

"साहेब म्हणले की, पाव्हण्यांची आण. पाव्हण्यांचीच आणली. दोरा बांधून राखल्याली हुती, मावशी."

साहेबांनी पुण्याच्या पाहुण्यांसाठी म्हणून सांगितलं होतं. पाहुण्यांना तर काय झालं तेच कळलं नाही, ते चटणी मागत राहिले. अदियांबोच्या मुठीत अजून दाणे होते. तिला ते तोंडात टाकवेनात आणि खालीही टाकवेनात.

सारजाबाईनं ते शेवटचं कणीस सावलीत वाळवलं. हिरवे दाणे आक्रसून गेले. "एवढ्यातलं एक तरी उगवंल का गं?" तिनं विचारलं. अदियांबोनं ते दाणे ओल्या फडक्यावर ठेवले आणि रोज फडकं उघडून पाहिलं. एकाही दाण्याला मोड आला नाही. मुदत संपली तशी ती गेली. जाताना तिनंच चन्नप्पाच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं मान वर केली नाही.

आता केंद्रावर जाळी लावली आहे. सारजाबाई जात नाही. मी गोठ्यातल्या खिळ्याला आहे, वाख कुसत चाललाय. पाखरं हाकलायला मला वळलं होतं, आणि पाखरांनी त्या ओळीतला एक दाणाही नेला नाही.

मित्रांनो, हुरडा जरूर खा. पण कणीस आगटीत घालण्याआधी एकदा विचारा, हे कुणी कशासाठी राखलंय? आमच्याकडे ते विचारायचं राहून गेलं. तिकडे आता पेरणीचे दिवस आले असतील. अदियांबोची आई घरातलं तेच जुनं बी पेरील, आणि टारफुला त्याच्या पाठोपाठ उगवेल.