खोटी भरती

"बाबांना किनाऱ्यावरच न्यायचं," मी पुन्हा म्हणाले. "आईला जिथे अग्नी दिला तिथे."

तिरडी बांधणारे हात थांबले. माझा चुलतभाऊ कमलेश दोरीची गाठ अर्धवट सोडून म्हणाला, "ताय, तितं आता बंद हाय. हायवेकडं नवीन शेड केलीय ना, समद्यांना तितंच नेतात."

"बंद कुणी केलं? बंगलेवाल्यांनी?"

भागोजीकाका उठले. बाबांच्या होडीवर त्यांनी जन्म काढला होता. "चल गो बाय माज्यासंगं," ते म्हणाले. "दोरी संपलीय. दुकानाशी जाऊन येऊ."

दोरी संपली नव्हती.

बंगल्यांच्या उंच भिंतींमधून आम्ही किनाऱ्यावर आलो. आई गेल्यापासून मी इथे पाऊल टाकलं नव्हतं. दरवेळी माहेरी आले की म्हणायचे, बाबा, आईच्या जागेपाशी बसून येऊ. ते अंगणातूनच सांगायचे, "आता नको. भरती हाय." पुढच्या खेपेलाही भरतीच. अष्टमीचं पाणी वाकड्या सुरूच्या झाडापर्यंत कधी चढत नाही, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. तरी अष्टमीलाही मी त्यांची भरती खरी मानली.

वाकडा सुरू तिथेच होता. खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे, फांदीला पाहुण्यांसाठी झोपाळा. खाली, जिथे आईची चिता होती, तिथे हिरवळ. शेजारी काळ्या दगडावर कोरलं होतं: 'आपल्या किनाऱ्याचा इतिहास.' आरमाराच्या काळात इथे गलबतं नांगरत, असं पहिलं वाक्य. मग नारळी-पोफळी, मावळतीचे रंग. शेवटी, 'हा किनारा पूर्वापार निर्जन आहे.' आणि त्याखाली, 'माहिती: ज्येष्ठ ग्रामस्थ काळूराम नाखवा.'

बाबांचं नाव मी दोनदा वाचलं.

"सरकारी सायेब आलेला चौकशीला," काका दगडाकडे न बघता म्हणाले. "इचारलं, इतं मसण होतं का? तुजा बापूस उभा रायला. म्हनला, न्हाय सायेब, कदीच नव्हतं."

"आईला जाऊन किती दिवस झाले होते?"

"वरीस सुदा झालं नव्हतं."

"आणि तुम्ही?"

"आमी माना डोलवल्या." त्यांनी वाळूत पायाचा अंगठा रुतवला. "बंगलेवाले बोल्लेले, मसण सोडा, बोंबील सुकवायची जागा तुमच्या बायकांना कायमची ठेवतो. नाखवा म्हनला, मेलेल्यांना कुटंबी जालता येल. जित्या बायांनी कुटं सुकवायचं?"

"मग कुठेय ती जागा?"

काकांनी हनुवटीने पलीकडे दाखवलं. बोंबील टांगायच्या बांबूंच्या जागी गाड्या ओळीने उभ्या होत्या. "फुडच्याच वर्सी गेली. वास येतो म्हनाले. आन् रात्री ताटात बोंबीलच मागतात, कुरकुरीत." ते हसले, पण लगेच तोंड फिरवलं. "त्या दिसापासून नाखवा इतं आला न्हाय बग. होडीसुदा खाडीतून काढायचा."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला? तुलाच तर भ्यायचा तो."

आम्ही घरी परतलो. कमलेशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "शेडमध्ये न्या."

पत्र्याखाली बाबा जळले. बाहेरून ट्रक जात होते. समुद्राचा आवाज तिथे येत नाही.

दुसऱ्या दिवशी अस्थी घेऊन मी एकटीच किनाऱ्यावर गेले. कमलेशला खाडीशी जायचं होतं. मी ऐकलं नाही. झोपाळ्यावर कुणी नव्हतं. वॉचमन लगबगीने आला. "मॅडम, इधर पूजा-बिजा अलाउड नाही. बंगल्यावरचे पाहुणे का तुम्ही?"

"नाही. दगडावर नाव आहे ना, त्यांची मुलगी."

त्याला काही कळलं नाही. पण तो बाजूला झाला.

ओहोटी होती. पाणी गाठायला चिखलातून बरंच आत जावं लागलं. आईजवळ त्यांना ठेवायचं नाही, एवढं रात्रीच ठरवलं होतं. मडकं रिकामं केलं, पाण्यात सोडलं आणि हात न धुताच परत फिरले.

वाकड्या सुरूपाशी, आईच्या जागेवर आल्यावर पाय थांबले. तळहातांना ओली राख चिकटली होती. वॉचमन लांबून बघत होता. मी दोन्ही हात सुरूच्या रंगवलेल्या खोडाला पुसले, आधी एक, मग दुसरा, आणि घरी आले.