दुसऱ्या कुंपणापर्यंत

आर्डिस ओल्टमनचा आवाज सगळ्या काउंटीच्या ओळखीचा होता. चर्चच्या तळघरातून तिने ‘कॉफी झाली’ म्हटलं, की बाहेर गाड्यांपाशी गप्पा छाटत उभे असलेले पुरुष निमूट आत येत. हरणाच्या शिकारीला बारा बोअरचीच बंदूक हवी, ही सक्ती राज्याने उठवली आणि ज्या काउंटीला ती ठेवायची असेल तिने तसा ठराव करावा असं कळवलं, तेव्हा सक्ती राहावी म्हणून काउंटीच्या मंडळासमोर बोलायला आर्डिसच उभी राहिली. याचं नवल कुणालाच वाटलं नाही.

समोर रायफलवाले तरुण केशरी टोप्या चढवून बसले होते. रायफलचा नेम चोख, जनावर तडफडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आर्डिसने त्यांची चांगली हजेरी घेतली. शेतांच्या कडेने आता घरं झालीत, त्यातल्याच एका घरात माझी लेक आणि जावई राहतात, रायफलची गोळी मैलोगणती जाते, हे तिने ठणकावून सांगितलं. बारा बोअरचं शिसं जड, ते दुसऱ्या कुंपणापर्यंत जाऊन गळून पडतं, हे तिने बापाच्या तोंडून ऐकलेलं होतं. तेही तसंच्या तसं सांगितलं. एकजण म्हणू लागला की जड शिसं कडक जमिनीवरून उसळतं आणि मग कुठे जाईल याचा नेम नसतो. तेव्हा तिने विचारलं, “बाळा, उसळायला तो चेंडू आहे का?” सगळं सभागृह हसलं. पोरगा खाली बसला.

ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. बाहेर आल्यावर तिचा धाकटा भाऊ गेलेन याने तिच्या खांद्यावर थाप मारली. त्या अबोल माणसाकडून एवढं म्हणजे फारच झालं.

शिकारीचा हंगाम शनिवारी उघडणार होता. त्याच्या दोन दिवस आधी ती लेकीकडे, जनेलकडे, खिमा-बटाट्याचं हॉटडिश घेऊन जेवायला गेली. जावई एलियट मिनियापोलिसचा, शहरात वाढलेला. बंदुकीच्या आवाजाने दचकणारा, म्हणून सासरी त्याची नेहमी थट्टा व्हायची. माणूस मात्र सरळ होता, आणि आर्डिसचा त्याच्यावर जीव होता.

“दोन दिवस आईकडे जाऊन यावं म्हणतोय,” तो म्हणाला. “तिला तसं सांगितलंही आहे. घरामागे बंदुका वाजणार, मला नाही बसवत इथे.”

“मग काय, दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन पळणार?” आर्डिस म्हणाली. “अरे, मी भांडले कशासाठी तिथे? ते शिसं तुझ्या अंगणापर्यंत येतच नाही. खुशाल घरी राहा. नाताळचे दिवे लावायचे राहिलेत ना तुझे? ते लाव.”

तो ओशाळून हसला आणि राहिला.

शनिवारी गेलेनच्या टोळीने हाका घातला. तरुण पोरं लव्हाळ्यांच्या दलदलीतून हरणं उठवत आली आणि म्हातारे ठरलेल्या जागी दबा धरून उभे राहिले. गेलेनची जागा म्हणजे त्याच्या बापाची जागा. बापाच्या वेळी तिथून पुढे नुसतं रान होतं. आता छपरं दिसत. बर्फ पडला नव्हता, पण कापलेल्या सोयाबीनचं शेत गोठून दगडासारखं झालं होतं. एक शिंगाडा नर लव्हाळ्यांतून फुटला आणि छपरांच्या बाजूने आडवा धावला. गेलेनने दोन बार काढले. पहिला चुकला, दुसऱ्याने नर पडला.

सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आतडी काढायला बसले असताना लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. कुणाचं तरी हृदय बंद पडलं असेल, असं कोणीतरी म्हणालं आणि सुरी पुढे चालू झाली.

एलियट शिडीवर होता. तो पडला तेव्हा पाय घसरला असंच जनेलला वाटलं. धावत जाऊन तिने त्याला उताणा केला, तेव्हा कळलं. रुग्णालय येण्याआधीच तो गेला होता. पहिल्या बाराचं शिसं गोठलेल्या शेतावर आडवं आपटलं आणि पाण्यावरून खडा जावा तसं टप्पा घेऊन पुढे गेलं, असं शेरीफच्या माणसाने सांगितलं. हे सांगताना तो आर्डिसकडे बघत नव्हता.

अंत्यविधीनंतर बायका आणि घरचे चर्चच्या तळघरात जमले; बाकीचे पुरुष बाहेर गाड्यांपाशी थांबले. हॅमची सँडविचं मांडली होती. एका शेजारणीने आर्डिसचा हात दाबून म्हटलं, “तरी बरं, तू रायफली येऊ दिल्या नाहीस.” तिला वाटलं, आपण धीर देतोय.

गेलेन स्वयंपाकघराच्या दारात आला. अंगावरचा कोट त्याने काढला नव्हता.

“आर्डिस, हातात रायफल असती ना, तर मी नळी तिकडे वळवलीसुद्धा नसती,” तो म्हणाला. “घरं दिसत होती मला. जनेलचं छप्पर दिसत होतं.”

“मग का झाडलीस?”

“तू म्हणाली होतीस. दुसऱ्या कुंपणापर्यंत.”

यावर तिला राग यायला हवा होता. आला नाही. शिडीवर एक आणि शेतात एक, दोघेही तिच्याच शब्दावर बिनधास्त उभे होते, एवढंच तिला लख्ख दिसलं.

टेबलापाशी एलियटची आई जनेलचा हात धरून बसली होती. मिनियापोलिसहून आल्यापासून ती फार बोलली नव्हती. आता तिने मान वर करून आर्डिसला विचारलं, “शनिवारी माझ्याकडे येतो म्हणाला होता. मी त्याची खोली आवरून ठेवली होती. मग आला का नाही हो?”

जनेलने तीन दिवसांत पहिल्यांदाच आपल्या आईकडे पाहिलं आणि उत्तराची वाट पाहत राहिली.

आर्डिसने ओठ उघडले. मागे कॉफी उकळून झाली होती, पण ‘कॉफी झाली’ एवढंही तिच्या तोंडून फुटेना. पुरुष बाहेर थंडीत गाड्यांपाशी हाकेची वाट बघत उभे राहिले.