फोटोत हापसणं दिसत नाही

ठिपका अजून हिरवाच होता. फोनवरच्या नकाशात, मलावीतल्या एका खेड्याच्या नावापाशी, मुगाएवढा. हिरवा म्हणजे तिथला हापसा चालू. केदारने बोटांनी नकाशा मोठा केला आणि खाली तपासणाऱ्याचं नाव आलं – केदार एस. … मीच की. दोन महिन्यांपूर्वी, अमेरिकेत, चँडलरच्या कंपनीतल्या याच कँटीनमध्ये, एका हातात सँडविच धरून मी याला पास केलं.

मोहीम नीनाची, त्याच्या मुलीची. तिकडे चिसोमो नावाची शिक्षिका गावोगावच्या बायांकडून हापशांचे फोटो जमवते, इकडे नीना ते नकाशावर लावून जगासमोर मांडते, आणि बापासारखे पंधरा-वीस हौशी फोटो बघून हिरवा की लाल ते ठरवतात. बावीस वर्षं कॉम्प्युटरच्या चिपा तपासणाऱ्या केदारला हे काम हातचा मळ वाटलं होतं. धार दिसली, पास, पुढचा. आणि त्याच ठिपक्यावर बोट ठेवून तिथल्या पाणी कार्यालयाने गावाला दुरुस्तीच्या यादीतून वगळलं. बाया पुन्हा नदीवर जाऊ लागल्या.

चिसोमोने काल टाकलेला त्याच हापशाचा व्हिडिओ त्याने परत लावला. एक बाई दांडा मारते आहे, बाकीच्या मोठ्याने मोजताहेत – भाषा कळत नव्हती, पण मोजणं कुठल्याही भाषेत कळतं – वीस, चाळीस, साठ… अडुसष्टाव्या दांड्याला पाणी आलं, तेही करंगळीएवढं. कुणी रडलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. नुसतं मोजलं, आणि हजारो लोकांनी ते पुढे पाठवलं. काय बाया आहेत! अंबडजवळच्या त्याच्या गावात आई दांडा मारायची आणि तो कळशी धरून मोजायचा. आकडा तिशीच्या वर गेला की आतला चामड्याचा वायसर झिजला, हे त्याला सातव्या वर्षी ठाऊक होतं. पाणी येतं का, असं गावात कुणी विचारायचंच नाही, कितव्याला येतं ते विचारायचे… फोटोत हापसणं दिसत नाही, हे त्या पंधरा-वीस जणांत कुणाला कळायला हवं होतं तर ते मला. आणि मी सँडविच खात होतो.

कालपासून टाळलेला फोन त्याने अखेर केला. बोलायची जुळवाजुळव करून ठेवली होती, पण नीनाने पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

"बाबा, I know. लॉगमध्ये तुझं नाव आहे."

तिथल्या पाणी कार्यालयाला पाठवायचं पत्र तिने लिहूनही ठेवलं होतं. उद्या तिथे यादीवर बैठक होती. पत्रात कुठेतरी 'तांत्रिक चूक' असं असेल, अशी आशा त्याला होती – खोटं कशाला बोला, चांगलीच होती.

"चिसोमो म्हणाली, तुझं नाव काढूया. मी नाही म्हटलं," नीना म्हणाली. "त्या कार्यालयवाल्यांना आपण चुका ॲडमिट करायला सांगतो ना? Then we do it first."

मग तिने विचारलं, फोटोसोबत भरायच्या फॉर्ममध्ये नवा प्रश्न काय टाकू.

"कितव्या दांड्याला पाणी येतं, ते विचार," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच आईचा वाटला.

फोन ठेवला तेव्हा ठिपका लाल झाला होता. खाली त्याचं नाव तसंच, पुढे नीनाने एक ओळ घातलेली: चुकीची तपासणी. उद्या यादीचं काय होईल कोण जाणे. लाज वाटत होती, खरोखरच वाटत होती… आणि तरी ऊर भरून येत होता. लेकीने बापाला पाठीशी घातलं नव्हतं.

समोर जेवत बसलेल्या सहकाऱ्याने, अमनने, विचारलं, काय बघतोयस यार एवढं. केदारने फोन त्याच्यापुढे सरकवला, नाव नीट दिसेल असा.

"माझ्या मुलीने लिहिलंय," तो म्हणाला.